आधी आतडं की आधी लिव्हर? ठाणे-नवी मुंबईच्या सर्जन मंडळींना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया करणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३१ वर्षं टर्नर होते. जॉब लेथवर चढवण्याआधी त्यांच्या हातात एक कागद यायचा. त्याला ते ऑपरेशन शीट म्हणत. आधी कुठली फेस मारायची, मग बोअर कधी, आटे कधी, जॉब कशात धरायचा, सगळं क्रमानं लिहिलेलं. क्रम चुकला तर प्रत्येक माप बरोबर येऊनही जॉब रिजेक्ट होतो, कारण पुढच्या कामाला धरायला जागाच उरत नाही, असं ते आम्हाला जेवताना समजावून सांगत. तेव्हा आम्हाला त्यात काही रस नव्हता.

एप्रिल २०२३ मध्ये एका सर्जनच्या केबिनमध्ये अण्णांनी क्रमाचाच प्रश्न विचारला. रेक्टममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात, गाठ होती आणि लिव्हरमध्ये तीन डाग. “डॉक्टर, दोन ठिकाणी काम आहे. मग आधी खालचं का?” उत्तर आलं, “काका, आधी मूळ काढायचं, मग फांद्या.” अण्णांनी मान डोलावली, मीही डोलावली. इतकं सोपं, आपल्या भाषेतलं उत्तर ऐकून मनाला बरं वाटलं होतं. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. आठ महिने मूळव्याध समजून काढलेले. २०२३ च्या पाडव्याला कौपिनेश्वरापासून निघणाऱ्या स्वागतयात्रेत अण्णा अर्ध्या वाटेतून परत फिरले, धाप लागत होती. हिमोग्लोबिन ८ निघालं, मग कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यात दुर्बिणीची नळी घालून तपासणी, मग सीटी. तपासण्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. सहाव्या दिवशी पोट फुगलं, ताप चढला आणि ड्रेनच्या नळीत जे दिसू नये ते दिसलं. आतड्याचा जोड सुटला होता. त्याच रात्री पुन्हा पोट उघडलं, शौचासाठी पोटावर पिशवी आली, ११ दिवस आयसीयू. जखम भरेना, अन्न जाईना, वजन १४ किलोनं उतरलं. जी केमो चार-सहा आठवड्यांत सुरू व्हायची ती चौदाव्या आठवड्यात सुरू झाली. त्याआधी केलेल्या सीटीत लिव्हरमधल्या तीन डागांचे नऊ झाले होते आणि त्यातला एक लिव्हरच्या शिरा मोठ्या शिरेला मिळतात त्या तोंडाशीच. आता लिव्हरचं ऑपरेशन होणार नाही, असं सांगितलं गेलं. २०२४ च्या दिवाळीनंतर अण्णा गेले.

क्रम उलटा असता तर अण्णा वाचले असते, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि या पत्रात मी एकही वाक्य पुराव्याशिवाय लिहिणार नाही, असं ठरवून बसले आहे. जोड सुटणं उत्तम हातांकडूनही होतं, हेही मला कळतं. म्हणून त्या रुग्णालयाचं किंवा त्या डॉक्टरांचं नाव इथे नाही आणि ते कुणी विचारूही नये.

मला बोलायचं आहे ते केमोच्या डे केअरमध्ये जे पाहिलं त्याबद्दल. नळी लावून चार-चार तास बसलं की शेजारच्या खुर्चीतला माणूस घरचा होतो. कोपरखैरण्याच्या एक काकू होत्या. आजार अण्णांसारखाच, रेक्टमची गाठ आणि लिव्हरमध्ये डाग. त्यांना आधी केमो दिली, मग लिव्हरचं ऑपरेशन झालं, मग खाली रेडिएशन आणि सगळ्यात शेवटी रेक्टमची शस्त्रक्रिया. दिव्याचे एक रिक्षाचालक दादा होते. त्यांची गाठ उजव्या बाजूच्या आतड्यात आणि लिव्हरच्या कडेला एकच डाग, दोन्ही एकाच भुलीत काढलं आणि नवव्या दिवशी ते घरी गेले. म्हणजे तीन खुर्च्या आणि तीन वेगवेगळे क्रम. आम्ही तिन्ही घरं एकमेकांकडे बघत होतो आणि प्रत्येकाच्या मनात तीच धास्ती होती की चुकलं आपलंच. तिघांपैकी एकालाही आपला क्रम तसा का, हे सांगता आलं नाही.

मी ऑडिटचं काम करते. कारण नोंदवलेलं नसलेला निर्णय दिसला की मला पुढचं पान उलटता येत नाही. अण्णा गेल्यावर मी वाचायला लागले. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाचीनं शोधनिबंध मिळवून दिले आणि दुसऱ्या मतासाठी आम्ही ज्यांच्याकडे गेलो होतो त्या लिव्हर सर्जननी, काही मिळायचं नसताना, दोनदा वेळ देऊन माझ्या शंका फेडल्या. त्यांनी जुन्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर लिव्हरचं चित्र काढून आठ खण पाडले होते. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पुढे लिहिते ते तुम्हाला पाठ असेल. पण हे पत्र माझ्यासारखी घरची माणसंही वाचतील, त्यांना ते कुणीतरी सांगायला हवं.

आतड्यातून निघणारं बहुतेक रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून ते आधी लिव्हरमध्ये शिरतं आणि तिथून गाळून पुढे जातं. म्हणून आतड्याच्या गाठीतून सुटलेल्या पेशी पहिल्यांदा अडकतात त्या लिव्हरमध्ये. आजार कळतो त्याच वेळी साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या लिव्हरमध्ये डाग असतात. याला चौथी स्टेज म्हणतात आणि तो शब्द ऐकला की घरात सुतकी शांतता पसरते. पण हे डाग पूर्णपणे काढता आले तर अशा निवडक रुग्णांतले जवळजवळ ४० ते ५० टक्के पाच वर्षांपुढे जगतात. मला हे कळलं तेव्हा अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते. चौथ्या स्टेजमध्येही बरं होण्याच्या इराद्यानं उपचार होऊ शकतात, हे आम्हाला पहिल्या दिवशी कळलं असतं तर आम्ही प्रश्न तरी नीट विचारले असते.

लिव्हर पुन्हा वाढतं, हे त्याचं मोठं दान. क्लोद कुइनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञानं १९५० च्या दशकात त्याचे आठ विभाग मांडले. प्रत्येकाला रक्त आणणारी वाट वेगळी, त्यामुळे एक खण काढून शेजारचा राखता येतो. मागे किती उरायला हवं, याचा हिशेब ठरलेला आहे. निरोगी लिव्हर असेल तर पाचवा हिस्सा उरला तरी चालतं, बऱ्याच केमोनंतर ३० टक्के लागतं, सिरॉसिस असेल तर ४०. केमोचं औषध लिव्हरलाही सोसावं लागतं. ऑक्झॅलिप्लॅटिननं ते निळसर, रक्त साकळलेलं होतं, इरिनोटेकननं चरबी धरतं. म्हणजे आधी केमो द्यायची हेही फुकट नसतं. किती द्यायची आणि कधी थांबून कापायचं, याला वेळ असते आणि ती निसटूही शकते.

आता ‘मूळ आधी’ याबद्दल. झाडाचं मूळ तोडलं की फांद्या वाळतात. लिव्हरमधला डाग तसा वाळत नाही. तो तिथे रुजलेला असतो, स्वतःचं रक्त ओढत असतो आणि आतड्यातली गाठ काढली तरी वाढत राहतो. या आजारात माणूस बहुधा जातो तो लिव्हर गेल्यामुळे. जपानमध्ये जेसीओजी १००७ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निकाल २०२१ मध्ये आले. पसरलेला आजार काढता येण्यासारखा नाही आणि आतड्याच्या गाठीचा काही त्रासही नाही, अशा १६५ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची मूळ गाठ आधी काढून मग केमो, दुसऱ्याला नुसती केमो. मूळ काढलेल्यांपैकी निम्मे २५.९ महिन्यांपुढे जगले, न काढलेल्यांपैकी निम्मे २६.७ महिन्यांपुढे. अण्णांची स्थिती या रुग्णांसारखी नव्हती, त्यांचे तीन डाग कदाचित काढता आले असते. तरी त्या वाक्याला या अभ्यासानं उत्तर दिलं आहे, असं मला वाटतं.

आतडं आधी काढावंच लागतं असे रुग्ण असतात. आतडं तुंबलं असेल, फुटलं असेल, रक्त थांबत नसेल तर चर्चेला वेळ नसतो आणि तिथे कुणी मीटिंग भरवत बसावं असं मी म्हणणार नाही. अण्णांच्या कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात मात्र एक साधं वाक्य होतं, गाठीच्या पुढे स्कोप सहज गेला. मी तो रिपोर्ट निदान वीस वेळा वाचला असेल, अर्थ कळला तो शेवटच्या वेळी. वाट मोकळी होती, म्हणजे थांबून विचार करायला वेळ होता.

दोन्ही एकत्र काढण्याबद्दल फ्रान्समधला मेटासिंक हा चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १०५ रुग्ण घेतले, त्यातल्या ८५ जणांचे निकाल मोजले गेले. एका गटात आतडं आणि लिव्हर एकाच वेळी, दुसऱ्यात तीनेक महिन्यांच्या अंतरानं. मोठी गुंतागुंत झाली ती एकत्र गटात ४९ टक्के रुग्णांना आणि अंतर ठेवलेल्या गटात ४६ टक्के. फरक नाहीच म्हणा. दोन वर्षांनंतरच्या जगण्याचा कल थोडासा एकत्रच्या बाजूनं होता, पण एवढ्या कमी रुग्णांवरून त्यावर शिक्का मारता येत नाही. या आकड्यांतली दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. कुठल्याही गटात जा, जवळजवळ निम्म्यांना मोठी गुंतागुंत. हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं. दिव्याच्या दादांसारखा सुटसुटीत आजार असेल तर एक भूल, एक ॲडमिशन, एकच रजा, हे घराला केवढं सोपं पडतं! पण लिव्हरचा मोठा भाग काढायचा असेल आणि खाली रेक्टमचा अवघड जोडही घालायचा असेल, तर दोन्ही जोखमी एकाच रात्री एकाच शरीरावर येतात. जोड सुटून पोटात जंतू माजले आणि त्याच वेळी अर्धं लिव्हर नुकतंच काढलेलं असलं, तर माणूस कशाच्या बळावर झुंजणार?

तिसरा क्रम लिव्हर आधी. जिनिव्हाचे सर्जन जिल मेंथा यांनी २००६ मध्ये तो मांडला. आधी केमो, मग लिव्हर, मग आतडं. रेक्टमच्या गाठीला हा क्रम विशेष जुळतो, कारण तिथे रेडिएशन लागतं आणि रेडिएशननंतर ऑपरेशनपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं. तेवढ्या काळात लिव्हर वाऱ्यावर सोडायचं, की तोवर ते साफ करून घ्यायचं? कोपरखैरण्याच्या काकूंच्या डॉक्टरांनी साफ करून घेतलं. खालचा जोड पुढे सुटला असता तरी लिव्हरचं काम तोवर उरकलेलं होतं. धोका इथेही आहे. थांबलेल्या काळात आतडं तुंबू शकतं, मग धावपळ करून पिशवी काढावी लागते. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी होतो, पण जो होतो त्यात रेक्टमच्या गाठींचा वाटा मोठा आणि रुग्ण तुलनेनं तरुण. म्हणजे हा तिसरा क्रम ज्यांच्यासाठी विचारात घ्यायला हवा, ती माणसं आपल्याच ओपीडीत जास्त येत असणार.

तिन्ही क्रमांची तुलना करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत दीर्घकाळ जगण्यात ठळक फरक दिसत नाही. ‘मग फरकच काय पडतो?’ असं यावर मला एकानं ऐकवलं. ऑडिटवाल्याला ही चूक लगेच दिसते. लिव्हरमध्ये जास्त आजार असलेले रुग्ण लिव्हर-आधी गटात जातात, हलक्या आजाराचे एकत्र गटात, तुंबलेले आतडं-आधी गटात. वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या रांगांत उभी केली आणि रांगांची सरासरी सारखी आली, तर कुणालाही कुठल्याही रांगेत उभं करा असा अर्थ निघत नाही. निवड जमली म्हणून सरासरी सारखी आली, असाही तो निघतो. शिवाय कागदावर दोन ऑपरेशनं ठरलेल्या बऱ्याच रुग्णांचं दुसरं कधी होतच नाही. कारण मधे आजार वाढतो किंवा अंगातलं बळ संपतं. अण्णांचंही झालं नाही.

लिव्हर कापायच्या पद्धतीबद्दल थोडंच लिहिते. ठाण्यातल्या होर्डिंगांवर दुर्बिणीची आणि रोबोटची जाहिरात इतकी असते की घरचे लोक आत शिरताच तेच विचारतात. ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात २८० रुग्णांवर ऑस्लो-कॉमेट हा अभ्यास झाला. दुर्बिणीनं केलेल्यांत गुंतागुंत १९ टक्के, पोट उघडून केलेल्यांत ३१ टक्के. रुग्णालयातला मुक्काम ५३ तास विरुद्ध ९६ तास. पाच वर्षांनी जगण्यात फरक नाही. म्हणजे दुर्बीण चांगलीच, पण ती टाक्याचा आणि मुक्कामाचा प्रश्न सोडवते, क्रमाचा नाही. त्या अभ्यासात दोन्हीकडे लिव्हर राखून, डागापुरताच तुकडा काढला होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. डाग लिव्हरमध्ये पुन्हा उगवणं फार सामान्य आहे आणि तेव्हा पुन्हा कापायला लिव्हर शिल्लक असावं लागतं. अण्णांच्या भाषेत, धरायला जागा उरली पाहिजे. तीन सेंटिमीटरपर्यंतचे डाग सुईनं जाळणं हे कापण्यापेक्षा उणं नाही आणि त्रास बराच कमी, हे कोलिजन या अभ्यासात दिसलं. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा पर्याय तर आमच्यासमोर कुणी उच्चारलाही नव्हता.

अण्णांची फाईल मी माझ्या कामाच्या सवयीनं तपासली. १९८ पानं. त्यात औषधांची बिलं आहेत, टीपीएशी, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीशी, झालेला पत्रव्यवहार आहे, हातमोज्यांचा हिशेब आहे. रेक्टमचा एमआरआय नाही. लिव्हरचा एमआरआय नाही. पहिल्या ऑपरेशनआधी लिव्हर सर्जनचं मत नाही. कॅन्सरच्या औषधांचे डॉक्टर पहिल्यांदा भेटले ते ऑपरेशननंतर. लिव्हरबद्दल एकच नोंद सापडली, ‘लिव्हरचं नंतर पाहू.’ संमतिपत्रावर माझी सही रात्री साडेदहाची आहे, मजकूर इंग्रजीत, छापील.

डॉक्टर, म्हणून मागणं आहे. आतडं तुंबलेलं नसेल, फुटलेलं नसेल, तर पहिला चिरा देण्याआधी लिव्हरचे फोटो लिव्हरची शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला दाखवा. डाग काढता येतील की नाही, हे ठरवायचा हक्क जो स्वतः लिव्हर कापतो त्याचा असावा. आज काढता येत नसतील तर केमोनं आकसल्यावर येतील का, एका बाजूची शीर बंद करून चार-सहा आठवड्यांत दुसरी बाजू वाढवून घेता येईल का, दोन टप्प्यांत जमेल का, हे त्यांनाच दिसतं. आतड्याचा सर्जन कितीही निष्णात असला तरी हे त्याचं रोजचं काम नाही. यात कुणाचा कमीपणा नाही. अण्णा लेथचे उस्ताद होते, पण ग्राइंडिंगचा जॉब आला की ते शेजारच्या मशीनवाल्याला हाक मारायचे.

दुसरं, क्रम का निवडला ते चार ओळींत लिहून द्या. मराठीत, हातानं लिहिलं तरी चालेल. कुठला क्रम, तो का, बाकीचे दोन का नाहीत आणि जोड सुटला किंवा केमो लांबली तर लिव्हरचं काय करणार. दहा मिनिटांचं काम आहे आणि ओपीडीत तुम्हाला ती दहा मिनिटंही मिळत नाहीत, हे मी बाकावर बसून पाहिलं आहे. तरीही मागते. ही भीक नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे की संमती खरी ठरायची तर रुग्णाला उपचाराचं स्वरूप, त्यातले मोठे धोके आणि उपलब्ध पर्याय कळलेले असले पाहिजेत. पर्याय हा शब्द त्या निकालात आहे. माझ्या साडेदहाच्या सहीमागे तो नव्हता.

लिहायला लागलं की विचारही करावा लागतो, हा माझ्या धंद्यातला अनुभव. ‘मूळ आधी, मग फांद्या’ हे बोलायला सोपं आहे. तेच कागदावर ‘स्कोप पुढे गेला आहे, अडथळा नाही, लिव्हरमध्ये दोन्ही बाजूंना तीन डाग आहेत, तरीही आतडं आधी, कारण’ असं लिहायला घेतलं असतं, तर ‘कारण’नंतर पेन थांबलं असतं. कदाचित चांगलं कारण निघालंही असतं आणि मग मी हे पत्र लिहिलं नसतं.

तिसरं जरा मोठं आहे. चरई, नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, इकडे ऐरोली, वाशी, नेरूळपासून पनवेलपर्यंत कितीतरी रुग्णालयांत आतड्याच्या शस्त्रक्रिया होतात. प्रत्येक ठिकाणी लिव्हर सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले, स्कॅन वाचणारे, असे सगळे एका छताखाली असतील अशी अपेक्षा मी करत नाही. पण आठवड्यातून एक तास, एका स्क्रीनवर, चारही विद्यांची माणसं एकत्र बसू शकतात. खारघरला टाटाची ॲक्ट्रेक ही कॅन्सरची संस्था आपल्या दारात आहे. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं आहे, त्याची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, अवघड केस दुरून मांडायला व्हर्च्युअल ट्यूमर बोर्डाची, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या ऑनलाइन बैठकीची, सोय आहे. ठाणे-वाशी लोकलनं आम्ही फाईल काखेत मारून दुसऱ्या मतासाठी फिरलो, तेव्हा अण्णांच्या पोटाला पिशवी होती आणि गाडीत बसायला जागा नव्हती. ते फिरणं रुग्णानं का करावं? सीटीची फाईल एका बटणावर जाते.

या बैठकीत एक वही ठेवा. लिव्हरमध्ये डाग असलेले किती रुग्ण आले, कुणाला कुठला क्रम दिला, किती जोड सुटले, पहिल्या ऑपरेशननंतर केमो कितव्या आठवड्यात सुरू झाली आणि ठरलेलं दुसरं ऑपरेशन किती जणांचं खरंच झालं. रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावं झाकून वर्षाला एकदा सगळ्यांचे मिळून आकडे बाहेर आले तरी पुरे. फ्रान्सचे, जपानचे, ऑस्लोचे आकडे मला ठाण्यात बसून मिळाले, ठाण्याचे मिळाले नाहीत.

तुमच्यातले काही जण हे सगळं आधीपासून करत असतील. कोपरखैरण्याच्या काकूंच्या कागदांत बैठकीची नोंद होती, चार डॉक्टरांच्या सह्या होत्या. म्हणजे हे आपल्याच भागात, आपल्याच वेळापत्रकात जमतं. ज्यांना जमतं त्यांनी शेजारच्या रुग्णालयातल्या मित्राला फोन करावा. तुमच्या फोनचं वजन माझ्या पत्रापेक्षा जास्त आहे.

अण्णांची फाईल मी नावं झाकून स्कॅन करून ठेवली आहे. सगळे सीटी, सगळ्या तारखा, केमोच्या आधीचे आणि नंतरचे डाग, सगळं क्रमानं लावलेलं. अशी बैठक कुणी सुरू करणार असेल आणि पहिल्या दिवशी मांडायला एखादी केस हवी असेल, तर ही न्या. आईनं परवानगी दिली आहे.

आपली,
एका रुग्णाची मुलगी
चरई, ठाणे (पश्चिम)